डबा न उघडता वाचता येणारी चिठ्ठी

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, आम्ही पाच मित्र मराठी शुद्धलेखन-तपासणीचे शब्दकोश, कळफलकाच्या मांडण्या आणि मुक्त परवान्याचे फॉन्ट गोळा करतो आणि लिनक्सवर एका आज्ञेत बसतील अशी त्यांची पॅकेजेस बांधतो. बांधायचं साधन आम्हीच पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिलंय. प्रत्येक पॅकेजसोबत त्याचं नाव, आवृत्ती, परवाना आणि ते कशावर अवलंबून आहे हे सांगणारी एक फाइल असते. सध्या ही फाइल म्हणजे पायथनचाच छोटा प्रोग्राम आहे. माहिती लिहायच्या तयार फॉरमॅटपैकी आमच्यातला एक म्हणतो यामल घेऊ, दुसरा म्हणतो जेसन. मला वाटतं आपणच मराठी शब्दांचा सुटसुटीत फॉरमॅट तयार करावा. वापरणारे सध्या दहा-बाराच आहेत, त्यामुळे चुकलं तर नंतर बदलू. तुमचं मत काय?
— एक वाचक, सांगली

उत्तर : तुमच्या पत्रातल्या ‘चुकलं तर नंतर बदलू’ या वाक्याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटली, म्हणून आधी तेच घेते.

बेल लॅब्जमध्ये १९७६ साली स्टुअर्ट फेल्डमन यांनी ‘मेक’ हे साधन लिहिलं. मोठ्या प्रोग्रामचा कुठला तुकडा पुन्हा बांधायचा आणि कुठला तसाच ठेवायचा, हे ते ठरवतं. त्याच्या फाइलीत आज्ञेची ओळ टॅबने सुरू व्हावी लागते. टॅबच्या जागी आठ स्पेस दिल्या तर डोळ्यांना फरक दिसत नाही, पण मेक अडतं. हा नियम त्रासाचा आहे हे फेल्डमन यांना काही आठवड्यांतच कळलं होतं. पण तोवर वापरणारे डझनभर झाले होते, बहुतेक मित्रच होते, आणि त्यांची बसलेली घडी मोडायला नको म्हणून त्यांनी टॅब तसाच ठेवला. त्यांनी स्वतःच पुढे हे सांगितलंय. जवळपास पन्नास वर्षं झाली, टॅब अजून तिथेच आहे. मी शिकाऊ असताना एका अदृश्य टॅबपायी माझी अख्खी दुपार गेली होती, आणि आजही दरवर्षी कुणीतरी नवं पोर माझ्याकडे तीच अडचण घेऊन येतं. तुमचे दहा-बारा जण म्हणजे फेल्डमन यांचे ते डझनभरच आहेत. त्यामुळे जे ठरवाल ते कायमचं आहे असं धरूनच ठरवा.

आता तुमची सध्याची फाइल. ती प्रोग्राम आहे, म्हणजे तिच्यातली माहिती हवी असेल तर ती चालवावी लागते. हे सगळ्यात आधी बंद करा. यामल की जेसन हा वाद त्यानंतरचा.

माझी आई फडताळातल्या प्रत्येक डब्यावर कागदी पट्टी चिकटवून बॉलपेनने नाव लिहायची. तांदळाचं पीठ, मैदा, पिठीसाखर, आरारूट, सगळं पांढरं. पाहुणी आलेली मावशीसुद्धा डबा न उघडता हवा तो उचलायची. प्रोग्रामच्या रूपातली माहिती म्हणजे पट्टी नसलेला डबा. उघडून चव घेतल्याशिवाय आत काय आहे ते कळत नाही. आणि पॅकेज अनोळखी माणसाचं असेल तर चव घेणं धोक्याचंही असतं, कारण नुसतं नाव वाचायला म्हणून चालवलेला प्रोग्राम तुमच्या यंत्रावर काहीही करू शकतो.

मी हे स्वतः भोगलंय. २०११ साली मी पुण्यात एका कंपनीत रिलीजचं काम बघत होते. आमच्या एका ग्राहकाच्या यंत्रांना बाहेरचं इंटरनेट नव्हतं. लागतील ती सगळी पायथन पॅकेजेस आधी गोळा करून पेन ड्राइव्हवर न्यायची होती. यादी काढायला मी एक प्रोग्राम लिहिला आणि तो आमच्याच एका पॅकेजपाशी अडला. त्याच्या सेटअप.पीवाय या बांधणीच्या फाइलीच्या पहिल्याच ओळीत नमपाय ही आकडेमोडीची लायब्ररी आयात केली होती, कारण सी भाषेच्या हेडर फाइली कुठे आहेत ते नमपायला विचारायचं होतं. ‘हे पॅकेज नमपायवर अवलंबून आहे’ ही माहिती त्याच फाइलीत चाळीसेक ओळी खाली होती. म्हणजे नमपाय लागतं हे कळण्यासाठी आधी नमपाय बसवलेलं असायला हवं होतं. दुसऱ्या एका फाइलीत आवृत्तीचा क्रमांक गिटला, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाला, विचारून काढला जायचा. ग्राहकाकडे गिट नव्हतं, तिथे आवृत्ती कोरी आली. तिसरी फाइल यंत्र विंडोजचं आहे की लिनक्सचं ते बघून वेगवेगळी यादी द्यायची, त्यामुळे माझ्या लॅपटॉपवर निघालेली यादी त्यांच्या सर्व्हरला लागूच नव्हती. शेवटी एकेक सेटअप फाइल डोळ्यांनी वाचून मी वहीत हाताने यादी केली. तरी दोन नावं सुटली, आणि त्या दोन नावांसाठी पुन्हा एकदा ग्राहकाकडे जावं लागलं. त्या रात्री एसटीत बसल्या बसल्या मी मनाशी पक्कं केलं की मी लिहीन त्या साधनात माहिती आणि कृती कधीही एका फाइलीत ठेवणार नाही.

हा दोष एकट्या आमच्या कंपनीचा नव्हता. पायथनचं डिस्टयुटिल्स हे पॅकेज बांधायचं साधन २००० साली आलं आणि सेटअप.पीवाय ही रीत त्याच्यासोबत पडली. २००४ मध्ये आलेल्या सेटअपटूल्सने ‘बांधायच्या आधी अमुक बसवा’ असं सांगायची सोय दिली, पण ती सोयही त्याच फाइलीच्या आत होती. ती वाचण्यासाठी फाइल चालवायला हवी, आणि फाइल चालायला ते ‘अमुक’ आधी हवं. हा गुंता सुटायला २०१६ साल उजाडलं. ब्रेट कॅनन, नथॅनिएल स्मिथ आणि डोनाल्ड स्टफ्ट यांनी लिहिलेला पेप ५१८ हा पायथनच्या सुधारणेचा प्रस्ताव त्या वर्षी मंजूर झाला आणि टॉमल या तिसऱ्या फॉरमॅटमधली पायप्रोजेक्ट.टॉमल ही फाइल जन्माला आली. बांधायला काय लागेल हे आता कुठलाही प्रोग्राम न चालवता वाचता येतं. नाव, आवृत्ती, परवाना, लेखक यांची जागा त्याच फाइलीत ठरवून देणारा पेप ६२१ हा प्रस्ताव २०२० चा.

डेबियन हे लिनक्सचं एक रूप बनवणाऱ्यांना हे खूप आधी उमगलं होतं. त्यांच्या पॅकेजमध्ये ‘कंट्रोल’ नावाची फाइल असते. तीत नुसती माहिती असते : पॅकेजचं नाव, ते कशावर अवलंबून, वर्णन. बांधायची कृती ‘रूल्स’ नावाच्या वेगळ्या फाइलीत, आणि ती असते मेकफाइल. कंट्रोल वाचायला रूल्सला हात लावावा लागत नाही. तुमच्या साधनाला खरोखर काही कृती करायची असेल, उदाहरणार्थ शब्दसूचीतून कोश तयार करणं, तर ती अशीच शेजारच्या फाइलीत ठेवा.

आता फॉरमॅटकडे येते. यामल दिसायला सुरेख आहे आणि तुमच्या मित्राला ते का आवडतं हे मला समजतं. पण पॅकेजच्या फाइलीसाठी मी ते घेणार नाही. एक प्रयोग करा. यामलच्या फाइलीत गावं आणि त्यांचे एसटीडी कोड अवतरणचिन्हांशिवाय लिहा : पुणे ०२०, मुंबई ०२२, नाशिक ०२५३, पणजी ०८३२. अर्थात इंग्रजी अंकांत. मग पायथनच्या पायवायएएमएल लायब्ररीने ती फाइल वाचा. पुणे १६ होतं, मुंबई १८, नाशिक १७१. शून्याने सुरू होणारा आकडा ती अष्टमान पद्धतीचा समजते. पणजी मात्र जशीच्या तशी ०८३२ राहते, कारण ८ हा अंक अष्टमानात नसतोच, म्हणून तो मजकूर ठरतो. एकाच यादीतली तीन गावं आकडे झाली आणि चौथं अक्षरं राहिलं, आणि चूक झाली असं कुणीच सांगितलं नाही. माझी तक्रार याच गोष्टीबद्दल आहे. चूक झाली तर साधनाने ओरडावं. टॉमल आणि जेसन दोन्ही इथे अडतात, आकड्याच्या आधीचं शून्य चालत नाही म्हणून सांगतात.

तुम्ही कळफलक आणि कोश भाषेच्या कोडनुसार ठेवत असाल. मराठी ‘एमआर’, कोकणी ‘केओके’. उद्या कुणी नॉर्वेजियनची भर घातली तर तिचा कोड आहे ‘एनओ’, आणि यामल १.१ त्याचा अर्थ ‘नाही’ असा घेऊन तिथे असत्य हे मूल्य बसवतं. २००९ मध्ये आलेल्या १.२ आवृत्तीत हे सुधारलं, पण पायवायएएमएल अजून १.१ च्या नियमांनी चालतं. पायथन ३.१० आलं तेव्हा चाचण्यांच्या यामल फाइलींमध्ये ते अवतरणाशिवाय लिहिणाऱ्यांना ३.१ मिळालं, कारण दशांशातलं शेवटचं शून्य गळून पडलं. आवृत्तीचा क्रमांक म्हणजे संख्या नव्हे, हे तुमच्या दस्तऐवजात पहिल्या पानावर लिहा.

जेसनची अडचण वेगळी. यंत्राने लिहायचं आणि यंत्रानेच वाचायचं असेल तर त्याच्याइतकं निर्मळ काही नाही. पण तुमची फाइल माणूस हाताने लिहिणार. तिथे टिप्पणी, म्हणजे यंत्राने वगळायची माणसासाठीची नोंद, लिहिता येत नाही, आणि यादीच्या शेवटच्या घटकानंतर स्वल्पविराम चालत नाही. नवा शब्दकोश जोडताना वरच्या ओळीला स्वल्पविराम द्यायचा राहतो आणि फाइल मोडते. टिप्पण्यांबद्दल खालच्या पत्रात आणखी बोलते.

म्हणून माझा कौल टॉमलला. गिटहबच्या संस्थापकांपैकी एक असलेले टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी २०१३ मध्ये ते सुरू केलं, १.० आवृत्ती जानेवारी २०२१ मध्ये आली. मजकूर नेहमी अवतरणात, आकडा अवतरणाशिवाय, त्यामुळे ‘नो’ म्हणजे काय हा अंदाज बांधायचा प्रश्नच उरत नाही. टिप्पणी चालते, यादीच्या शेवटी स्वल्पविराम चालतो, ओळीआधी सोडलेल्या जागेला काही अर्थ नसतो. रस्ट भाषेचं कार्गो हे साधन हाच फॉरमॅट वापरतं. उणीवही सांगते : एकात एक तीन-चार पातळ्या गेल्या की टॉमल वाचायला जड होतं, आणि दुहेरी चौकोनी कंसांचा अर्थ नवख्याला पटकन लागत नाही. पण पॅकेजची माहिती दोन पातळ्यांच्या खाली जात असेल तर आधी तुमची मांडणीच तपासा.

एक व्यवहाराची गोष्ट. पायथनने २०१६ मध्ये टॉमल निवडलं, पण पायथनच्या स्वतःच्या लायब्ररीत टॉमल वाचणारा भाग आला ऑक्टोबर २०२२ मध्ये, ३.११ आवृत्तीबरोबर. मधल्या काळात पिपला, म्हणजे पायथनची पॅकेजेस बसवणाऱ्या साधनाला, बाहेरची लायब्ररी आपल्या पोटात घेऊन फिरावी लागली, तीही दोनदा बदलून. तुम्ही आज सुरुवात करताय, तुम्हाला ही अडचण नाही. फक्त एवढं ध्यानात असू द्या की ती सोय वाचण्यापुरतीच आहे. तुमच्या साधनाला फाइलीत आपणहून काही लिहायचं असेल, तर टिप्पण्या आणि मोकळ्या ओळी जपणारी टॉमलकिट ही लायब्ररी घ्या. माणसाने कष्टाने लिहिलेली टिप्पणी साधनाने पुसली की तो माणूस पुन्हा टिप्पणी लिहीत नाही, हे मी फार वेळा पाहिलंय.

आता तुमच्या मनातला मराठी फॉरमॅट. हे लिहिताना मला जड जातंय, कारण इच्छा माझीही तीच आहे. पण फाइलीतली नावं, म्हणजे डावीकडच्या की, देवनागरीत ठेवू नका.

पॅकेज सांभाळणाऱ्यासाठी तुम्ही ‘बांधणाऱ्याचे-नाव’ अशी की ठेवलीत असं समजा. यातला ‘ऱ्या’ मराठीत दोन प्रकारे टंकला जातो. काही कळफलक ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त देतात, काही साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह : ‘बांधणार्‍याचे’. छापल्यावर दोन्ही सारखेच. यंत्राच्या लेखी हे दोन वेगळे शब्द. तो स्वतंत्र ‘ऱ’ सुद्धा एका चिन्हात किंवा ‘र’ आणि नुक्ता अशा दोन चिन्हांत येऊ शकतो. युनिकोड या अक्षरांच्या जागतिक कोडपद्धतीच्या प्रमाणीकरणाने ही दुसरी जोडी एक होते, पहिली होत नाही. वापरणारा म्हणणार, मी बरोबर लिहिलंय, आणि ते खरंच बरोबर असणार. मग शुद्धलेखन आहेच. तुम्ही तर त्यातलेच लोक : ‘आवृत्ती’ दीर्घ, पण समासात ‘आवृत्तिक्रमांक’ ऱ्हस्व. दोन्ही की शेजारी शेजारी आल्या तर चांगले चांगले चुकतील. टॉमलमध्ये अवतरणाशिवायच्या कीला फक्त इंग्रजी अक्षरं, अंक, अधोरेषा आणि संयोगचिन्ह चालतं, म्हणजे प्रत्येक मराठी की अवतरणात घालावी लागेल.

स्वतःचा पार्सर, म्हणजे फाइल वाचून तिचा अर्थ लावणारा भाग, लिहायचा मोह होत असेल तर अंकांचंही बघा. मजकुराची संख्या करणारी पायथनमधली ‘इंट’ ही सोय देवनागरी ‘१२’ मुकाट्याने बारा म्हणून घेते. मराठी माणूस म्हणून मला याचा आनंदच आहे. पण टॉमलच्या नियमात ‘१२’ ही संख्या नव्हे. तुमचा पार्सर पायथनवर तीच फाइल स्वीकारेल आणि उद्या कुणी दुसऱ्या भाषेत तिचा वाचक लिहिला तर तो नाकारेल. एकाच फाइलीचे दोन अर्थ निघाले की तो फॉरमॅट राहत नाही.

मराठी कुठे आणायची ते सांगते. उजवीकडच्या मूल्यांमध्ये : पॅकेजचं वर्णन, कोश करणाऱ्यांची नावं, टिप्पण्या. टॉमल फाइल यूटीएफ-८ मध्येच असावी लागते, त्यामुळे तिथे काही अडचण येणार नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, चुकीचे संदेश मराठीत द्या. ‘ओळ ७ : आवृत्ती अवतरणचिन्हांत लिहा, “३.१०” अशी. अवतरण नसलं तर शेवटचं शून्य जातं.’ असा संदेश मी आजवर एकाही पॅकेज साधनात पाहिलेला नाही. तुम्ही तो लिहिलात तर इस्लामपूरच्या कॉलेजातली मुलगी पहिल्याच दिवशी अडणार नाही. तुमची मराठी तिथे कामी येऊ दे.

फॉरमॅट निवडला म्हणजे काम संपलं असं मात्र नाही. टॉमल हे व्याकरण झालं. आत कुठले शब्द आणि त्यांचा अर्थ काय, ते तुम्हीच ठरवणार. पायप्रोजेक्ट फाइलीकडून मी जे शिकले त्यातलं थोडं देते.

नाव कधीही गणित करून काढू देऊ नका. पेप ६२१ ने एक चांगली सोय केली : एखादं मूल्य बांधतानाच ठरणार असेल तर त्याचं नाव ‘डायनॅमिक’ या यादीत लिहायचं. म्हणजे वाचणाऱ्याला कळतं की ही जागा विसरलेली नाही, मुद्दाम कोरी आहे. तेच मूल्य फाइलीत लिहून पुन्हा या यादीतही घातलं तर ती चूक धरायची. आणि पॅकेजचं नाव या यादीत चालतच नाही, ते लिहिलेलंच हवं. ही छोटी यादी मला त्या सगळ्या प्रस्तावातली सर्वांत विचारी गोष्ट वाटते.

अनोळखी की दिसली की थांबा. अवलंबनाच्या इंग्रजी शब्दात ‘ई’ च्या जागी ‘ए’ टंकणारे पुष्कळ असतात. साधनाने ती ओळ गुपचूप सोडली तर पॅकेज बांधलं जातं, बसतं, आणि तिसऱ्याच माणसाच्या यंत्रावर कोश सापडत नाही. हे कडक वाटेल, पण आज सैल सोडलेलं पुढे आवळता येत नाही. आज कडक ठेवलेलं पुढे सैल करता येतं.

पण इतरांसाठी एक मोकळी खोली ठेवा. पायप्रोजेक्टमध्ये ‘टूल’ नावाचा भाग आहे. पायपीआय या पॅकेज भांडारात ज्याच्या मालकीचं जे नाव, त्याने त्या नावाखाली आपल्या साधनाच्या सेटिंग ठेवाव्यात. बाकीची वरच्या पातळीवरची नावं पुढच्या प्रस्तावांसाठी राखीव. त्यामुळेच कोड नीटनेटका करणारं ब्लॅक आणि चाचण्या चालवणारं पायटेस्ट एकाच फाइलीत भांडण न करता राहतात.

यातूनच एक अडचणही झाली. पिपच्या १० व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ पासून, ही फाइल नुसती असली तरी पिप ते पॅकेज वेगळ्या, कोऱ्या वातावरणात बांधू लागलं. ज्यांनी ती फक्त ब्लॅकच्या सेटिंगसाठी ठेवली होती, त्यांची बांधणी कारण न समजता बदलली. म्हणून फाइल आहे की नाही यावरून कुठलाही निर्णय घेऊ नका. फाइलीत काय लिहिलंय त्यावरून घ्या. आणि पहिल्या दिवसापासून तीत फॉरमॅटच्या आवृत्तीची एक ओळ सक्तीची करा.

अवलंबनं कशी लिहायची यावरही तुमच्यात वाद होईल. पायथनकडे २०२० मध्ये दोन पूर्ण प्रस्ताव समोरासमोर होते. एकात ‘रिक्वेस्ट्स लायब्ररी, २.८ किंवा पुढची’ हे एका ओळीच्या मजकुरात, दुसऱ्यात नाव, आवृत्ती, अट सगळं टॉमलच्या वेगवेगळ्या कीमध्ये. दुसरा जास्त आखीव होता. निवडला गेला पहिला, कारण ती ओळ लिहायची लोकांना आधीच सवय होती. मला आधी तो निर्णय पटला नव्हता. आता पटतो. तुमच्या लोकांनी डेबियनची फाइल पाहिली असेल तर तिथली अवलंबनाची ओळ जशी असते तशीच घ्या.

पाच जण बसून आधी तीन खऱ्या पॅकेजच्या फाइली हाताने लिहा, साधन न चालवता. मग त्या साधनाबद्दल काहीच ठाऊक नसलेल्या मित्राला वाचायला द्या आणि त्याने काय समजलं ते ऐका. तो अडेल ती ओळ बदला. एकही ओळ कोड लिहायच्या आधी हे करा, कारण त्यावेळी बदल फुकट असतो.

प्रश्न : मॅडम, मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पॅकेज.जेसन फाइलीत एका लायब्ररीची आवृत्ती मुद्दाम जुनी ठेवली आणि शेजारी कारणाची टिप्पणी लिहिली, तर एनपीएम या जावास्क्रिप्टची पॅकेजेस बसवणाऱ्या साधनाने फाइल वाचायलाच नकार दिला. एवढी साधी सोय जेसनमध्ये का नाही?
— एक विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : सोय आधी होती, ती मुद्दाम काढली. जेसन पुढे आणणाऱ्या डग्लस क्रॉकफर्ड यांनी कारण सांगितलंय : लोक टिप्पण्यांमध्ये पार्सरसाठीच्या सूचना लिहू लागले होते. तसं चालू राहतं तर एका साधनाची टिप्पणी दुसऱ्या साधनाला आज्ञा ठरली असती, आणि तीच फाइल सगळीकडे सारखी वाचली जाण्याचा गुण गेला असता. ही भीती पोकळ नव्हती. आरपीएम या लिनक्सच्या दुसऱ्या पॅकेज पद्धतीच्या स्पेक फाइलीत टिप्पणीच्या ओळीतला मॅक्रोही, म्हणजे मोठ्या मजकुराचं लघुरूपही, उलगडला जातो; तो टाळायला टक्क्याचं चिन्ह दोनदा लिहावं लागतं. म्हणजे तिथे टिप्पणी पूर्णपणे टिप्पणी नसते.

पण जेसन ठरलं ते प्रोग्रामनी एकमेकांना माहिती पाठवण्यासाठी. माणसाने लिहायच्या फाइलीसाठी ते निवडलं हा निवडणाऱ्याचा निर्णय, आणि माझ्या मते तो चुकला. तुम्ही ज्या कारणासाठी टिप्पणी लिहीत होतात ते अगदी योग्य होतं. जुनी आवृत्ती का ठेवली हे फाइलीत नसेल तर सहा महिन्यांनी कुणीतरी ती प्रेमाने नवी करतं आणि तुम्ही टाळलेली चूक परत येते. सध्या एवढं करा : फाइलीच्या सगळ्यात वरच्या पातळीवर दोन तिरप्या रेघांची की लिहून तिचं मूल्य म्हणून कारण नोंदवा. ती की एनपीएम स्वतःसाठी वापरत नाही. अवलंबनांच्या यादीच्या आत मात्र असं करू नका, तिथे प्रत्येक की म्हणजे पॅकेजचं नाव असतं. आणि गिटच्या कमिट संदेशातही कारण लिहा.

प्रश्न : पॅकेज.जेसनशेजारी लॉक फाइल आपोआप तयार होते. ती हाताने दुरुस्त करावी का? गिटमध्ये ठेवावी का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : हाताने नको. मूळ फाइल तुमची इच्छा सांगते, ‘४.२ किंवा त्यापुढची चालेल’. लॉक फाइल प्रत्यक्षात नेमकी कुठली घेतली ते, तपासणीच्या हॅशसकट, म्हणजे फाइल बदललेली नाही हे पडताळणाऱ्या खुणेसकट. पहिली माणूस लिहितो, दुसरी साधन. अ‍ॅप्लिकेशन असेल तर दोन्ही गिटमध्ये ठेवा, म्हणजे सहकाऱ्याच्या यंत्रावर तुमच्याच आवृत्त्या बसतील. पायथनकडे यासाठी सगळ्या साधनांना समान फॉरमॅट बराच काळ नव्हता; पायलॉक.टॉमल हा २०२५ मध्ये मंजूर झाला. लॉक फाइलीत दोन शाखांचा संघर्ष आला तर तो ओळी जुळवून सोडवू नका. मूळ फाइलीतला संघर्ष सोडवा आणि साधनाकडून लॉक फाइल पुन्हा काढून घ्या.